काळ्या खिडकीतून मजूर बोलावण्याचे शास्त्र

संगणकाला जे जमत नाही ते माणसाकडून करवून घेण्यासाठी जी ऑनलाइन व्यवस्था उभारण्यात आली आहे, तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी माणसाला आधी जवळजवळ संगणक व्हावे लागते, ही विसंगती त्या व्यवस्थेच्या माहितीपुस्तिकेत कोठेही नोंदलेली नाही. परंतु तिची कमांड लाइन साधने आपल्या यंत्रावर बसवण्याचा प्रयत्न ज्याने एकदा केला आहे त्याला ती वेगळी सांगावीही लागत नाही. ही व्यवस्था म्हणजे ॲमेझॉन कंपनीने नोव्हेंबर २००५ मध्ये सर्वांसाठी खुली केलेली ‘मेकॅनिकल टर्क’ ही सेवा होय. मोठे काम बारीक तुकड्यांत फोडून ते इंटरनेटवरील अनोळखी लोकसमुदायाला किरकोळ मोबदल्यावर वाटून देण्याच्या पद्धतीस क्राउडसोर्सिंग म्हणतात, आणि या पद्धतीच्या बाजारात ही पेठ जुनी व नावाजलेली आहे. तेथे काम देणाऱ्यास ‘रिक्वेस्टर’, काम करणाऱ्यास ‘वर्कर’ आणि कामाच्या एका तुकड्यास ‘ह्यूमन इंटेलिजन्स टास्क’, संक्षेपाने ‘हिट’, अशी नावे आहेत. चित्रात मांजर आहे की नाही, पावतीवरील एकूण रक्कम किती, हे वाक्य रागाने लिहिले आहे की कौतुकाने, अशा स्वरूपाची ही कामे असतात. म्हणजे ज्यांचे उत्तर चौथीतले मूल न विचारता देईल आणि ज्यांच्यापुढे त्या काळचा महासंगणक हात टेकून बसे.

नावामागे एक जुनी लबाडी आहे. वोल्फगांग फॉन केम्पेलेन या दरबारी अधिकाऱ्याने १७७० मध्ये व्हिएन्ना येथे सम्राज्ञी मारिया थेरेसा हिच्यापुढे बुद्धिबळ खेळणारे यंत्र सादर केले. मोठ्या पेटीमागे तुर्की पोशाखातील बाहुला बसवलेला असे, खेळापूर्वी पेटीची दारे एकामागून एक उघडून आतील चाके व दाते प्रेक्षकांना दाखवले जात, आणि दारे बंद झाली की बाहुला डाव्या हाताने सोंगट्या हलवून समोरच्याला हरवू लागे. या यंत्राशी १७८३ मध्ये पॅरिस येथे बेंजामिन फ्रँकलिन खेळला आणि १८०९ मध्ये नेपोलियन. १८५४ मध्ये फिलाडेल्फिया येथील आगीत ते जळून गेले तोवर त्याने अर्ध्या जगाला चकवले होते, कारण पेटीत एक हाडामांसाचा बुद्धिबळपटू पाय आखडून बसत असे. ॲमेझॉनने हेच नाव आपल्या सेवेला दिले आणि त्याखाली ‘कृत्रिम कृत्रिम बुद्धिमत्ता’ असे बिरुदही मिरवले. उघडकीस आलेल्या लबाडीचे नाव दुकानावर लावून दुकान चालवण्यास एक प्रकारचा प्रामाणिकपणा लागतो, तो मान्य केला पाहिजे. केम्पेलेनच्या पेटीत शिरणाऱ्या खेळाडूची अवस्था हलाखीची होती यात शंका नाही. तथापि पेटीत शिरण्यापूर्वी त्याला जावा बसवावे लागत नव्हते, एवढी त्या काळाची थोरवी नोंदवून मूळ विषयाकडे वळणे इष्ट.

दहा-वीस प्रश्न विचारावयाचे असतील तर या सेवेचे संकेतस्थळ पुरेसे असते. तेथे बटणे आहेत, रंग आहेत, आणि चुकल्यास मागे फिरण्याची सोय आहे. प्रश्न दहा हजार झाले म्हणजे मात्र बटणांचा उपयोग संपतो आणि कमांड लाइनचा आश्रय घ्यावा लागतो. कमांड लाइन म्हणजे एक काळी खिडकी व तीत लुकलुकणारी एक कांडी. तेथे आज्ञा अक्षरशः लिहून द्यावयाची आणि संगणकाने ती अक्षरशः पाळावयाची, असा करार असतो. या करारातील ‘अक्षरशः’ या शब्दाकडे नवख्या मनुष्याचे लक्ष जात नाही. सातबाराच्या उताऱ्यावर नावातील एक वेलांटी चुकली तर समोर उभा असलेला इसम तो नव्हेच, ही जी भूमिका तलाठी कार्यालय घेते, तीच भूमिका काळी खिडकी प्रत्येक अक्षर, प्रत्येक जोडरेघ आणि प्रत्येक रिकाम्या जागेबाबत घेते; फरक इतकाच की येथे प्रतिज्ञापत्र करून भागत नाही.

या खिडकीशी येऊन बसणारे बहुतेक लोक संगणकाचे नसतात, ही गोष्ट विनोदाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. मानसशास्त्राचे प्राध्यापक, भाषाशास्त्राचे संशोधक, निवडणुकांचा अभ्यास करणारे समाजशास्त्रज्ञ असा हा वर्ग असतो. मनुष्याची स्मृती दडपणाखाली कशी काम करते, हे शोधण्यासाठी निघालेला संशोधक पहिल्या आठवड्यात त्या विषयाचे भरपूर पुरावे गोळा करतो, परंतु ते सर्व स्वतःबद्दलचे असल्यामुळे प्रबंधात वापरता येत नाहीत.

प्रारंभ खात्यांपासून होतो. काम देण्यासाठी सेवेचे रिक्वेस्टर-खाते हवे. आज्ञा देण्यासाठी त्याच कंपनीच्या संगणकसेवेचे दुसरे खाते हवे. सरावासाठी तिसरे खाते हवे. आणि पहिले दुसऱ्याशी व तिसरे पुन्हा त्याच दुसऱ्याशी जोडून द्यावयास हवे. ही तिन्ही खाती एकाच कंपनीची आणि एकाच मनुष्याची असली तरी सांगितल्याशिवाय ती एकमेकांस ओळख देत नाहीत. जोडणी राहून गेली तर पहिल्याच आज्ञेला उत्तर म्हणून, आपले हे खाते त्या खात्याशी जोडलेले असणे आवश्यक आहे, असे कळवले जाते. नमनाला घडाभर तेल लागले तरी तक्रार नाही, परंतु येथे तीन घडे लागतात आणि तिन्हींचे पासवर्ड निराळे.

खाती जुळली की दोन किल्ल्या मिळतात. पहिली ‘ॲक्सेस की’ म्हणजे आज्ञा कोणाकडून आली हे सांगणारी अक्षरांची माळ. दुसरी ‘सीक्रेट की’ म्हणजे ती खरोखरच त्याच्याकडून आली याची खूण पटवणारी, अधिक लांब व अधिक अगम्य माळ. गुप्त किल्ली तयार होताना एकदाच दाखवली जाते, पुन्हा कधीही नाही. या दुर्मीळ दर्शनाच्या क्षणी मनुष्य काय करतो याचे निरीक्षण उद्बोधक आहे. सावध मनुष्य ती सुरक्षित जागी ठेवतो व मग ती जागा विसरतो. अतिसावध मनुष्य तिचे छायाचित्र काढतो आणि नंतर त्यातील इंग्रजी मोठा ओ कोणता व शून्य कोणते याचा निर्णय करीत बसतो. आणि निष्काळजी मनुष्य ती आपल्या प्रोग्रॅममध्येच लिहून तो प्रोग्रॅम गिटहबवर, म्हणजे जगाच्या चव्हाट्यावर, प्रसिद्ध करतो. अशा उघड्या पडलेल्या किल्ल्या शोधत फिरणारे स्वयंचलित प्रोग्रॅम अस्तित्वात आहेत, आणि त्यांना किल्ली सापडण्यास मालकापेक्षा पुष्कळ कमी वेळ लागतो.

साधनांच्या इतिहासाचे दोन कालखंड पडतात. पहिल्या कालखंडातील साधने जावा या भाषेत लिहिलेली होती व ती खास याच सेवेसाठी होती. ती चालण्यासाठी जावा कोठे बसवले आहे आणि साधने कोठे ठेवली आहेत, हे संगणकाला दोन ‘एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल’मधून सांगावे लागे. एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल म्हणजे संगणकाच्या कानात एकदा सांगून ठेवलेली व सर्व प्रोग्रॅमांना ऐकू जाणारी गोष्ट. पहिलीचे नाव ‘जावा होम’ आणि दुसरीचे ‘एमटर्क सीएमडी होम’. विंडोजवर जावा ज्या फोल्डरात बसते त्याच्या नावात, म्हणजे ‘प्रोग्रॅम फाइल्स’ या दोन शब्दांच्या मध्ये, एक रिकामी जागा आहे, आणि काळ्या खिडकीच्या समजुतीप्रमाणे रिकाम्या जागेपाशी एक गोष्ट संपून दुसरी सुरू होते. त्यामुळे मार्गाभोवती अवतरणचिन्हे घालण्यास विसरलेल्या मनुष्याचा संगणक ‘प्रोग्रॅम’ नावाची वस्तू शोधीत निघे आणि ती नाही असे परत येऊन सांगे. शब्दांच्या मध्ये काहीही नसलेल्या जागेने इतका उपद्रव दिल्याचे उदाहरण विंडोजच्या इतिहासाबाहेर विरळाच सापडेल.

पुढची पायरी म्हणजे दोन्ही किल्ल्या ‘एमटर्क डॉट प्रॉपर्टीज’ नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत लिहून ठेवणे. येथे विंडोजने आणखी एक सौजन्य दाखवून ठेवले आहे. फाइलीच्या नावाचे शेपूट वापरणाऱ्यास त्रासदायक वाटेल म्हणून ते लपवले जाते. परिणामी नोटपॅडमध्ये नव्याने जतन केलेली फाइल प्रत्यक्षात ‘एमटर्क डॉट प्रॉपर्टीज डॉट टीएक्सटी’ या नावाने वावरत असते, पडद्यावर मात्र तिचे नाव बरोबर दिसते, आणि साधन म्हणते की फाइल नाही. मनुष्य फाइलीकडे बोट दाखवतो, साधन नाही म्हणते. या वादात दोघेही खरे बोलत असतात, आणि म्हणूनच तो लवकर मिटत नाही.

याच फाइलीत सेवेच्या पत्त्याच्या दोन ओळी असत. एक ओळ खऱ्या बाजाराची, दुसरी ‘सँडबॉक्स’ची. सँडबॉक्स म्हणजे बाजाराची हुबेहूब प्रतिकृती, ज्यात पैसे खोटे असतात आणि चुका करण्यास मुभा असते. जी ओळ नको तिच्या आरंभी ‘हॅश’ हे चौकटीसारखे चिन्ह घातले की ती ओळ मुकी होते. म्हणजे सराव आणि व्यवहार, खोटे पैसे आणि खरे पैसे, यांच्यामध्ये एका टिचभर चिन्हाचे अंतर असे, आणि ते चिन्ह ज्या ओळीवरून काढावयाचे त्याच ओळीवर पुन्हा घालणारे व दुसरीवरचे तसेच ठेवणारे लोक थोडे नव्हते.

दुसऱ्या कालखंडाचा आरंभ २०१७ मध्ये झाला. त्या वर्षी सेवेचा नवा आज्ञासंच आला, आणि यथावकाश जावाची साधने अडगळीत जाऊन त्यांच्या जागी कंपनीच्या सर्व संगणकसेवांना चालणारे एकच कमांड लाइन साधन आले. हे साधन बसवणे तुलनेने सोपे आहे. बसवल्यावर ते चार प्रश्न विचारते: पहिली किल्ली, दुसरी किल्ली, प्रदेश, आणि उत्तरे कोणत्या साच्यात हवीत. चारही उत्तरे दिली की ते काहीच बोलत नाही. काळ्या खिडकीच्या जुन्या शिस्तीनुसार आज्ञा यशस्वी झाली तर मौन आणि फसली तर भाषण, असा नियम आहे. परंतु आयुष्यभर ‘आपले काम झाले, धन्यवाद’ अशा पाट्या वाचण्याची सवय असलेल्या मनुष्याला हे मौन अपमानास्पद वाटते, व तो तीच आज्ञा खात्रीसाठी पुन्हा देतो. पहिली आज्ञा वर्करला बक्षीस देण्याची असेल तर अशा रीतीने एकाच वर्करला दोन बक्षिसे मिळतात आणि दोन्हींचे पैसे द्यावे लागतात.

चार प्रश्नांपैकी तिसरा महाराष्ट्रातील वाचकास विशेष जवळचा आहे. प्रदेश याचा अर्थ कंपनीचे कोणते गणनकेंद्र वापरावयाचे. कंपनीने २०१६ मध्ये मुंबई हा आपला प्रदेश सुरू केला व त्यास ‘एपी-साउथ-१’ असे नाव दिले. तेव्हा दादरला किंवा कोथरुडात बसून साधन बसवणारा मनुष्य जवळचे ते आपले या न्यायाने मुंबई निवडतो, हे स्वाभाविकच होय. त्यानंतर तो शिल्लक विचारतो आणि पत्त्याशी संपर्क होऊ शकत नाही, असे उत्तर येते. मग इंटरनेट तपासले जाते, राउटर बंद करून चालू केला जातो, वायरवाल्याला फोन जातो, आणि इमारतीतील अन्य रहिवाशांकडेही चौकशी होते. वस्तुस्थिती अशी आहे की मेकॅनिकल टर्क ही सेवा अमेरिकेतील उत्तर व्हर्जिनियाच्या ‘यूएस-ईस्ट-१’ या एकाच प्रदेशातून चालते. मुंबईचा जो पत्ता साधनाने बिनदिक्कत तयार केला तो पत्ता जगात नाही. साधन प्रदेश विचारताना हे सांगत नाही, कारण ते विचारण्याच्या कामावर नेमलेले आहे.

अखेर शिल्लक विचारणारी आज्ञा उत्तर देते, आणि सरावाच्या बाजारात ते उत्तर असते दहा हजार डॉलर. सँडबॉक्समधील प्रत्येकाची शिल्लक दहा हजार डॉलरच असते, आणि कितीही खर्च केला तरी ती तेवढीच राहते. पहिल्या दर्शनी काही लोकांचा श्वास रोखला जातो. खोटी आहे हे कळल्यावरही दिवसातून दोन-तीन वेळा ती आज्ञा देऊन पाहण्याचा मोह अनेकांना आवरत नाही. मात्र या समृद्ध बाजारात काम करणारे कोणी नसते, कारण खोट्या पैशांवर खरे काम करण्याइतका भोळा वर्कर अद्याप निपजलेला नाही. म्हणून काम देणारा स्वतःच दुसऱ्या पत्त्यावर जाऊन वर्कर होतो, स्वतःचा प्रश्न वाचतो, तो नीट समजत नाही म्हणून स्वतःवर चिडतो, उत्तर देतो, परत येऊन ते उत्तर तपासतो, मंजूर करतो, आणि स्वतःस पाच सेंट अदा करतो. श्रम आणि भांडवल यांच्यातील संघर्ष इतक्या शांततेने मिटल्याचे दुसरे उदाहरण नाही.

काम कसे लिहून द्यावयाचे हा यानंतरचा भाग. जुन्या साधनांत प्रत्येक कामाला तीन फाइली लागत: एकीत प्रश्नाचा साचा, दुसरीत त्यात भरावयाचे तपशील, तिसरीत मोबदला व मुदत. तपशीलांची फाइल ‘टॅब’ने विभागलेली हवी, म्हणजे दोन रकान्यांमध्ये कीबोर्डवरील टॅबची एकच कळ दाबलेली हवी, तेथे चार वेळा स्पेसबार दाबला तर डोळ्यांना तेच दिसते आणि यंत्राला दिसत नाही. मुदती सर्व सेकंदांत द्यावयाच्या, हा नियम नव्या साधनानेही श्रद्धेने जपला आहे. काम तीन दिवस बाजारात ठेवावयाचे असेल तर दोन लाख एकोणसाठ हजार दोनशे असे लिहावे लागते. पंधरा दिवसांनी मोबदला आपोआप मंजूर व्हावा असे वाटत असेल तर बारा लाख शहाण्णव हजार. मनुष्याने आपले आयुष्य सेकंदांत मोजू नये असे संतांना वाटत असे की नाही हे सांगता येत नाही, परंतु त्यात एक शून्य कमी पडले तर तीन दिवसांची मुदत सात तास बारा मिनिटांवर येते आणि भारतात संध्याकाळी प्रसिद्ध केलेले काम उजाडण्यापूर्वीच बाजारातून उठते, हे हिशेबाने सिद्ध होते.

मराठी मजकुराबाबत या साधनांचे वर्तन स्वतंत्र प्रकरणाच्या योग्यतेचे आहे. मराठी वाक्यांचे वर्गीकरण करून घेण्याच्या हेतूने एखाद्या अभ्यासकाने ती वाक्ये पाठवली, उत्तरे आली, आणि उत्तरांची फाइल त्याने एक्सेलमध्ये दुहेरी क्लिकने उघडली, तर बहुधा तेथे मराठीचे नाव दिसत नाही. युनिकोडच्या ‘यूटीएफ-८’ या रूढ पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्ह तीन बाइटांत, म्हणजे साठवणुकीच्या तीन लहान घरांत, मांडलेले असते. पाश्चात्त्य लिपीची सवय असलेला प्रोग्रॅम त्या प्रत्येक घराला एकेक स्वतंत्र अक्षर समजतो. पहिल्या घराचे होते माथ्यावर तिरकी रेघ असलेले लॅटिन ‘ए’. दुसऱ्या घराचे मात्र चलन होते, आणि तेही नियमाने: क पासून ह पर्यंतची व्यंजने, काना आणि ऱ्हस्व वेलांटी यांच्या वाट्याला कोणत्याही देशाचे नसलेले सर्वसाधारण चलनचिन्ह येते, तर दीर्घ वेलांटी, दोन्ही उकार, एक व दोन मात्रा, हलन्ताचे चिन्ह आणि देवनागरी अंक यांना जपानी येन मिळतो. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद हल्लीच्या मराठी लेखनात कोणी पाळत नाही अशी ज्यांची तक्रार असते, त्यांनी हे पाहावे. पहिल्या वेलांटीला बेवारशी नाणे आणि दुसरीला येन, असा काटेकोर विवेक या व्यवस्थेत दोष म्हणून का होईना शिल्लक आहे. हाच नियम उकारांना लागू होत नाही व तेथे ऱ्हस्वालाही येन मिळतो, ही व्यवस्थेतील उणीव होय.

येथपर्यंत पोहोचलेल्या मनुष्यास हिशेबाचे वेगळे भय उरत नाही, आणि सेवेचे दरपत्रक त्यावरच विसंबून आहे. मोबदल्यावर कंपनी वीस टक्के आकार घेते. परंतु एकच प्रश्न दहा किंवा अधिक लोकांना विचारावयाचा असेल तर आणखी वीस टक्के. दोनशे प्रश्न प्रत्येकी नऊ जणांना पाच सेंटने विचारले तर मोबदला नव्वद डॉलर व आकार अठरा, एकूण एकशे आठ. दहावा मनुष्य घेतला की मोबदला शंभर व आकार चाळीस. म्हणजे दहाव्या मनुष्याचे श्रम दहा डॉलरचे आणि त्याच्या येण्याने वाढणारा एकूण खर्च बत्तीसचा. संशोधनपत्रिका नमुना मोठा असावा असा आग्रह धरतात, म्हणून चाणाक्ष संशोधक तेच काम दोन भागांत, नऊ-नऊ जणांच्या तुकड्या करून, प्रसिद्ध करतात. आणि मग एकच वर्कर दोन्ही तुकड्यांत शिरला काय, हे शोधण्यासाठी आणखी एक प्रोग्रॅम लिहितात.

आज्ञा मात्र लहान लहान आहेत. काम मंजूर करण्याची आज्ञा जेवढी, जवळजवळ तेवढीच ते नाकारण्याची. आणि नाकारलेल्या कामाचा मोबदला द्यावा लागत नाही, तरी त्यातील उत्तर काम देणाऱ्याकडे राहतेच. बक्षीस देण्याची आज्ञा उदार दिसते, परंतु कारण लिहिल्याशिवाय ती चालत नाही. औदार्याचा खुलासा यंत्राला हवा असतो. जुन्या साधनांत खात्यातील सगळी कामे एका फटक्यात निकाली काढणारीही एक आज्ञा होती. तिचे नाव ‘रिसेट अकाउंट’ असे सौम्य ठेवण्यात आले होते, आणि ती नमुन्याच्या आज्ञांच्या ओळीत इतरांइतकीच निरागसपणे बसलेली असे.

या लहान आज्ञांच्या पलीकडे जे बसलेले असतात त्यांच्याकडून जगाने बरेच काही करवून घेतले आहे. २००६ मध्ये एरन कोब्लिन या कलावंताने प्रत्येकी दोन सेंट देऊन दहा हजार मेंढ्या काढून घेतल्या. अट एवढीच की मेंढीचे तोंड डावीकडे असावे. काहींची चित्रे मेंढीसारखी दिसत नाहीत म्हणून नाकारली गेली. त्यानंतर ‘इमेजनेट’ या चित्रसंग्रहासाठी फेइ-फेइ ली यांच्या संशोधकगटाने १६७ देशांतील जवळपास पन्नास हजार वर्करांकडून लक्षावधी चित्रांना नावे देववली. आजच्या चित्र ओळखणाऱ्या यंत्रांची बाराखडी याच संग्रहावर गिरवलेली आहे, आणि या सेवेच्या वर्करांमध्ये अमेरिकेखालोखाल भारतीयांचा वाटा मोठा राहिला आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २६७६ वर्करांच्या सुमारे अडतीस लाख कामांची नोंद तपासली असता, वर्करांच्या तासाच्या कमाईचा मध्यक दोन डॉलरच्या आसपास निघाला. म्हणजे अर्ध्या लोकांना त्याहूनही कमी मिळत होते. काम शोधण्यात, वाचण्यात आणि अर्धवट सोडण्यात गेलेला वेळ त्यात धरलेला होता. काम देणाऱ्याने साधन बसवण्यात घालवलेला वेळ अशा प्रकारे कोणी मोजलेला नाही. तो मोजला गेला तर बाजाराच्या या टोकाचा दरही दोन डॉलरच्या फार वर जाईल असे वाटत नाही.

२०२३ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी या सेवेवर उताऱ्यांचे सारांश लिहिण्याचे काम दिले आणि वर्करांच्या कळफलकावरील हालचाली तपासल्या, तेव्हा तेहतीस ते सेहेचाळीस टक्के सारांश भाषिक यंत्राकडून लिहवून घेतलेले असावेत असा अंदाज निघाला. यंत्राला जमत नाही म्हणून माणसाला दिलेले काम माणसाने यंत्राला देऊन टाकले, आणि त्याचा मोबदला माणसाने घेतला. यात अनैतिक काय आहे यावर मतभेद होतील. केम्पेलेनच्या तुलनेत हे लोक एक पायरी पुढे गेले आहेत एवढे मात्र मान्य करावे लागेल, आणि तेही जावा न बसवता.

तरीही ज्यांना हे साधन उभारावयाचेच आहे त्यांनी प्रदेश व्हर्जिनियाचा लिहावा, फाइलीचे शेपूट तपासावे, मुदतीतील शून्ये मोजावीत, आणि काहीही करण्यापूर्वी शिल्लक विचारणारी आज्ञा द्यावी. उत्तर बरोबर दहा हजार डॉलर आले तर निर्धास्तपणे हव्या तेवढ्या चुका कराव्यात. त्याहून कमी आले तर ते पैसे आपले स्वतःचे आहेत असे समजून पुढची आज्ञा देण्याआधी हात कीबोर्डवरून उचलावेत.